दाराच्या लॉकची वायर शोधताना

उन्हाळ्यात सेनगावला मामांकडं गेले की दुरुस्तीचं एखादं काम माझ्या गळ्यात पडतंच. फिजिक्समध्ये एमएस्सी, वर पीएचडी चालू, म्हणजे मिक्सरपासून बोअरच्या स्टार्टरपर्यंत सगळं हिला येत असणार, हा मामांचा समज मला आजवर मोडता आलेला नाही. या वेळी काम गाडीचं होतं. पंधरा-सोळा वर्षं जुनी, सेकंड-हँड घेतलेली हॅचबॅक. तिला कंपनीचं सेंट्रल लॉक आहे, म्हणजे चालकाच्या दाराची खुंटी दाबली की चारही दारं लॉक होतात, पण रिमोट नाही. मामांनी बाजारातून रिमोटचा किट आणला होता. एक काळी डबी, दोन रिमोट, डझनभर रंगीत वायरी आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. "दोन वायरी तर जोडायच्यात, बाई. तू नाही जोडणार तर कोण?" असं म्हणून त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली.

पुढच्या पाऊण तासात मी जे केलं ते इथं लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण पेटची, नाहीतर सेट-नेटची तयारी करताय, आणि संशोधन पद्धतीच्या पुस्तकात 'मोजण्यानं मोजल्या जाणाऱ्या वस्तूत बदल होऊ शकतो' असं एक वाक्य असतं. मी ते वाक्य परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. सेनगावात ते मला कळलं.

गाडी लिंबाखाली उभी होती. मामेभावाचा चार वर्षांचा मुलगा 'मी गाडीत बसणार' म्हणून मागच्या सीटवर चढला आणि तिथंच झोपला. मागची काच चार बोटं खाली केलेली, किल्ली स्टार्टरला लावलेली. मी चालकाच्या दाराशी उकिडवी बसून पायाजवळचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत वायरींचा जाड जुडगा. हातात ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांचा टेस्टर होता. टेस्टर म्हणजे एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला सुई आणि मध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब. चिमटा बॉडीला लावला, म्हणजे अर्थ झाला. मग एकेका वायरीत सुई टोचायची. बल्ब पेटला तर वायरीत करंट आहे, नाही पेटला तर नाही. वहीत रंग लिहून पुढं बरोबर नाहीतर फुली.

पहिली वायर, फुली. दुसरी पेटली. तिसऱ्या वायरीला सुई लावली, बल्ब पेटला नाही, आणि त्याच क्षणी चारही दारांच्या खुंट्या खट् करून खाली गेल्या. मला वाटलं माझाच धक्का कुठंतरी लागला. मी वहीत तिसऱ्या वायरीपुढं फुली मारली आणि बॅटरी आणायला उठले. मागं वाऱ्याची झुळूक आली आणि दार आपटलं. काही गाड्यांत उघड्या दाराची खुंटी दार आपटलं की आपोआप वर येते. या गाडीत आली नाही.

किल्ली आत, पोरगं आत, मे महिना. मामी धावत आल्या. मामांनी कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा वाकवून चार बोटांच्या फटीतून घातला आणि मागच्या दाराची खुंटी वर ओढायला लागले. तार तीन वेळा सटकली. पोरगं जागं होऊन रडायला लागलं, त्याला 'ती वर ओढ' हे सांगून समजेना. सात-आठ मिनिटं लागली असतील. तो बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता, पण ठीक होता.

रात्री मी मुद्दाम याविषयीचं संशोधन वाचलं. मॅकलारेन, नल आणि क्विन यांचा २००५ सालचा 'पिडियाट्रिक्स' या नियतकालिकातला लेख आहे. उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात तापमान सरासरी सुमारे २२ अंश सेल्सियसनं वाढतं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी उघडी ठेवण्यानं फारसा फरक पडला नाही, असंही त्यांना आढळलं. आमची गाडी सावलीत होती एवढंच नशीब. चार बोटांच्या फटीचा उपयोग झाला तो हवेसाठी नाही, तारेसाठी.

आता वहीतल्या त्या फुलीकडं येऊ. 'या वायरीत काही नाही' अशी नोंद मी केली होती, आणि नेमकी तीच वायर चारही दारं लॉक करणारी होती. माझ्या उपकरणानं 'नाही' म्हटलं आणि त्याच वेळी त्यानं हुकूमही दिला. हे कसं झालं?

त्यासाठी आधी दाराच्या आत काय असतं ते बघावं लागेल. लॉकची खुंटी हलवणारी एक छोटी डीसी मोटर असते, तिला ॲक्चुएटर म्हणतात. मोटरला दोनच वायरी. एका दिशेनं करंट दिला की दांडी खाली, उलट दिला की वर. शाळेत सेल उलटा लावल्यावर खेळण्याची मोटर उलटी फिरायची, तसंच. हा करंट अर्धा-एक सेकंदच द्यायचा असतो. दांडी शेवटच्या टोकाला टेकल्यावरही देत राहिलात तर मोटर जागच्या जागी अडते, करंट वाढतो आणि गुंडाळी तापते.

प्रश्न असा की ही दिशा बदलतं कोण. इथं गाड्यांच्या जाती पडतात. बाजारातल्या किटच्या कागदावर जे चार-पाच नकाशे छापलेले असतात ते याच जातींचे, आणि 'आपला नकाशा कोणता' हे कागद सांगत नाही.

एका जातीत दाराचा स्विच मोटरला हात लावतच नाही. डॅशबोर्डखाली एक कंट्रोल डबी असते, तिच्यात रिले असतात. स्विच फक्त तिला निरोप देतो. निरोपाची वायर एरवी १२ व्होल्टच्या आसपास असते. स्विचनं ती क्षणभर अर्थला टेकवली की डबीला कळतं, 'लॉक कर'. याला निगेटिव्ह ट्रिगर म्हणतात. दुसऱ्या जातीत उलटं, वायर एरवी शून्यावर आणि स्विच तिला १२ व्होल्ट दाखवतो. तो पॉझिटिव्ह ट्रिगर.

तिसरी जात मला सगळ्यात आवडली, आणि सगळ्यात घातकही तीच. तिच्यात डबीच नाही. स्विचमधूनच मोटरचा पूर्ण करंट जातो. स्विचला पाच वायरी असतात: एक बॅटरीची, दोन अर्थच्या, दोन मोटरकडं जाणाऱ्या. गंमत अशी की कुणी काही दाबलेलं नसताना मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थलाच टेकलेल्या असतात. दाबलं की त्यातली एक अर्थ सोडून १२ व्होल्टला जाते, दुसरी अर्थवरच राहते, आणि मोटर फिरते. आता समजा या जातीच्या गाडीत तुम्ही मोटरच्या वायरीला बाहेरून १२ व्होल्ट दिले, वायर न कापता. करंट मोटरकडं जाईल, पण त्याहून सोपी वाट त्याला मागं, स्विचकडं आहे, जिथं ती वायर अर्थला टेकलेली आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७ ओहम. चार मीटरचा फेरा आणि जोड धरून ०.१ ओहम म्हणा. १२ भागिले ०.१ म्हणजे १२० अँपिअर. मध्ये फ्यूज नसेल तर इन्सुलेशन वितळणार. म्हणून या जातीत वायर कापून मध्ये रिले बसवावाच लागतो. रिलेच्या ३० नंबरच्या पायाला मोटर, ८७ए ला जुना स्विच, ८७ ला फ्यूजमधून बॅटरी. रिले शांत असताना ३० आणि ८७ए जोडलेले राहतात, त्यामुळं जुनं सगळं पूर्वीसारखं चालतं. रिले ओढला की स्विचची वाट तुटते आणि मगच १२ व्होल्ट येतात. असे दोन रिले, एक लॉकला, एक अनलॉकला.

म्हणजे 'कोणती वायर जोडू' हा पहिला प्रश्नच नव्हे. काही न दाबता ही वायर कशी असते, आणि दाबल्यावर कशी होते, हे आधी माहीत पाहिजे. प्रयोगशाळेत याला आपण बेसलाइन म्हणतो आणि बहुतेक वेळा घाईत एकदाच घेतो.

मामांची गाडी निघाली पहिल्या जातीची, निगेटिव्ह ट्रिगर. तिसरी वायर निवांत असताना १२ व्होल्टवर होती. मग बल्ब पेटला का नाही?

टेस्टरमधला बल्ब ५ वॅटचा होता. तो पूर्ण पेटायला ५ भागिले १२, म्हणजे ०.४२ अँपिअर लागतो, आणि पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स येतो २८.८ ओहम. पण थंड असताना टंगस्टनच्या तारेचा रेझिस्टन्स त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, ३ ओहम धरा. निरोपाच्या वायरीवर जे १२ व्होल्ट दिसतात ते डबीच्या आत एका मोठ्या रेझिस्टरमधून आलेले असतात. या गाडीत तो १० हजार ओहमचा आहे (कसा काढला ते पुढं येतं). १२ व्होल्ट भागिले १० हजार ओहम म्हणजे १.२ मिलिअँपिअर. बल्बला हवा त्याच्या साडेतीनशेव्या भागाएवढा करंट. तार लाल होणं तर सोडाच, कोमटही होत नाही.

पण वायरीच्या बाजूनं बघा. तिला अर्थकडं जायला ३ ओहमची वाट मिळाली. १० हजार वर, ३ खाली. वायरीवर उरले जेमतेम चार मिलिव्होल्ट. डबीला काय दिसलं? वायर अर्थला टेकली. म्हणजे निरोप आला. म्हणजे लॉक कर.

मी वायरीला 'तुझ्यात करंट आहे का?' असं विचारत होते, आणि डबीला ऐकू गेलं 'दारं लाव'.

चाचांना हे सांगायला गेले तेव्हा ते आधी पोराबद्दल विचारत राहिले, मग हसले. "बेटा, बल्ब नाही पेटला, पण दार तर बोललं ना. तू बल्बकडंच बघत बसलीस." याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खट् आवाज हा त्या दिवसातला सगळ्यात स्पष्ट डेटा होता आणि मी तो वहीत लिहिलाच नाही, कारण माझ्या तक्त्यात आवाजासाठी रकाना नव्हता.

मग मल्टिमीटर बरोबर आणि बल्ब चूक, असं म्हणायचं का? मलाही आधी तसंच वाटलं. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा आतला रेझिस्टन्स बहुधा १० मेगाओहम असतो, म्हणजे एक कोटी ओहम. १० हजारांच्या मागं एक कोटी लावले तर वायरीला पत्ताच लागत नाही. वाचन हजारात एका भागानं कमी येतं, ते मीटरच्या आकड्यात नीट दिसतही नाही. निरोपाच्या वायरीसाठी मीटरच हवा.

पण चाचांनी एक उलटं उदाहरण दिलं, आणि ते बरोबर आहे. समजा दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरीचा जोड गंजलाय आणि तिथं १० ओहमचा अडथळा आलाय. मोटर बंद असताना मीटर लावा, पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही, मग अडथळ्यावर व्होल्टेज पडणार कुठून? तुम्ही म्हणाल वायर ठणठणीत आहे. पण ३ ओहमची मोटर लावली की तिच्या वाट्याला १२ पैकी २.८ व्होल्ट येतात आणि ती नुसती गुरगुरते. इथं बल्ब लावला असता तर तो मंद पेटून लगेच सांगितलं असतं. मीटर वायरीला न दुखावता विचारतो, म्हणून वायर कामाला लागल्यावर काय होईल ते त्याला कळत नाही. बल्ब तिला कामाला लावूनच विचारतो.

माझ्या स्वतःच्या कामात हेच झालं होतं आणि मला ते सेनगावात आठवलं याची थोडी लाज वाटते. मी गॅस सेन्सरसाठी ऑक्साइडच्या पातळ फिल्म करते. पहिल्या वर्षी एका फिल्ममधून ठरावीक करंट सोडून तिच्यावरचं व्होल्टेज साध्या मीटरनं मोजत होते. रेझिस्टन्स यायचा ८.३ मेगाओहम, अगदी स्थिर. गॅस सोडला की ६.७. बदल २० टक्के. गाइडना दाखवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "मीटरचा स्वतःचा किती?" मीटर १० मेगाओहमचा, आणि तो फिल्मला समांतर. हिशोब उलटा केला तर फिल्म खरी ५० मेगाओहमची निघाली आणि गॅसमध्ये २०. म्हणजे खरा बदल ६० टक्क्यांचा होता. आठ दिवस मी अर्धी फिल्म आणि अर्धा मीटर मोजत होते. अशा कामाला इलेक्ट्रोमीटर लागतो, ज्याचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या कोटीपट असतो. विभागात तो होता, पण त्याची नोंदवही दुसऱ्या खोलीत होती आणि मला आळस आला.

आणि हे फक्त स्वस्त उपकरणांचं दुखणं नाही. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला आरसे, आणि गुरुत्वीय लहरीनं आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी कमी बदलतं ते लेसरनं मोजायचं. तिथं अडचण अशी की मोजणारा प्रकाशच आरशाला ढकलतो. प्रकाशातल्या क्वांटम चढउतारांनी लायगोचे ४० किलोचे आरसे खरोखर हलतात, हे २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. प्रकाश कमी करावा तर वाचन धूसर होतं, वाढवावा तर ढकलणं वाढतं. चाचांचा बल्ब आणि माझा मीटर यांच्यातलं भांडण, फक्त फार वरच्या पातळीवरचं. (सेनगावहून औंढ्याला जाताना हे मी मामांना समजावलं. ते म्हणाले, "मग ते बल्ब लावतेत का मीटर?" मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी आम्ही परत बसलो. पोरगं मामींजवळ, किल्ली खिशात, चारही काचा खाली. या वेळी वायरीला हात लावण्याआधी वहीत अंदाज लिहिला: 'निगेटिव्ह ट्रिगर असेल तर निवांत १२, लॉक दाबताना शून्य, अनलॉक दाबताना पुन्हा १२.' मग मीटर. वाचन आलं १२.१, शून्य, १२.१. शेजारच्या वायरीचं नेमकं उलट, ती अनलॉकची. इथवर फक्त निरीक्षण झालं. वायर लॉकबरोबर बदलते एवढं कळलं. पण ती लॉकला कारण आहे, की लॉक झाल्याची खूण सांगते आहे? गाड्यांत अशा खुणेच्या वायरी असतात, आणि मीटरला दोन्ही सारख्याच दिसू शकतात. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यातला फरक, जो आपण प्रश्नपत्रिकेत पाठ लिहितो.

कारण शोधायचं तर ढवळावंच लागतं. फक्त मापात. मी १ हजार ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर घेतला आणि त्यातून वायर अर्थला टेकवली. माझी ओळख चुकली असती आणि ती थेट बॅटरीची वायर निघाली असती, तरी १२ मिलिअँपिअरच गेला असता, ०.१४ वॅट. ना फ्यूज उडाला असता, ना काही जळलं असतं. टेकवला, आणि खट्. चारही दारं. मीटर तेव्हा लावलेलाच होता, वाचन १.१ व्होल्टवर आलं. या दोन वाचनांतूनच आतला रेझिस्टर निघतो. १२.१ मधले १.१ माझ्या १ हजार ओहमवर, उरलेले ११ आतल्यावर, म्हणून आतला दहापट, १० हजार ओहम. डबी न उघडता.

समजा दार लॉक झालंच नसतं, तर काय लिहायचं? 'ही ट्रिगरची वायर नाही' असं लिहू नका. 'एक हजार ओहमनं प्रतिसाद नाही' असं लिहा. काही डब्या स्विचचे संपर्क स्वच्छ राहावेत म्हणून जास्त करंट वाहू देतात. तिथं आतला रेझिस्टर लहान असतो आणि माझ्या हजार ओहमनं वायर पुरेशी खाली आली नसती. नकारात्मक निष्कर्षाला त्याची मर्यादा चिकटवूनच वहीत उतरवायचं. माझ्या पहिल्या फुलीत नेमकं हेच राहिलं होतं. 'बल्ब पेटला नाही' आणि 'वायरीत काही नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

पुढची जोडणी खरंच दोन वायरींचीच निघाली, मामांचं म्हणणं तेवढं बरोबर. किटच्या डबीतून येणाऱ्या दोन वायरी रिमोट दाबल्यावर क्षणभर अर्थ होतात. त्या थेट आपल्या दोन वायरींना. रिलेची गरज नाही, कारण इथं फक्त १.२ मिलिअँपिअरचा निरोप द्यायचाय. किटच्या डबीतला छोटा ट्रान्झिस्टर तेवढं सहज पेलतो. मोटरचा काही अँपिअरचा करंट मात्र त्याच्या माथी मारायचा नसतो. जिथं रिले लागतो तिथं त्याच्या गुंडाळीवर उलटा डायोड टाकायला विसरू नका. करंट अचानक तुटला की गुंडाळी मोठा उलटा व्होल्टेज उसळवते आणि तोच छोटा ट्रान्झिस्टर जातो. किटच्या बॅटरीच्या वायरीला फ्यूज बॅटरीकडच्या टोकाला, डबीकडच्या नाही. मधली वायर घासून शॉर्ट झाली तरी फ्यूज तिच्या आधी असला पाहिजे. किटमधला पल्स किती वेळाचा ठेवायचा यासाठी एक छोटा जंपर असतो, तो कमीवर ठेवला.

दोन जागा अशा की तिथं बल्ब काय, काहीच लावायचं नाही. पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि टेस्टरचा करंट तिथं एअरबॅग फोडायला पुरेसा ठरू शकतो. दुसरं, नव्या गाड्यांत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी असतात, त्या कॅन बसच्या. बॉशनं १९८६ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत. दोन वायरींवर सगळ्या डब्या एकमेकींशी बोलतात, निवांत असताना दोन्ही २.५ व्होल्टच्या आसपास. तिथं 'लॉकची वायर' अशी वेगळी वायरच नसते, लॉक हा एक संदेश असतो. तसल्या गाडीत माझ्यासारखीनं हात घालू नये असं माझं मत आहे.

सगळं झाल्यावर मामा रिमोट घेऊन अंगणभर फिरून आले. मी म्हटलं, अजून एक टेस्ट राहिली. बॅटरीचं टर्मिनल काढलं, दारं लॉक केलेलीच ठेवली, आणि आत बसून चारही दारं आतल्या हँडलनं उघडून बघितली. वीज नसताना आतला माणूस बाहेर पडू शकतो का, हा प्रश्न किटच्या कागदावर कुठंच नव्हता. जुलै २०१९ पासून देशात नव्या कारना चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स सेन्सर यांच्याबरोबरच, वीज गेली तरी सेंट्रल लॉक हातानं उघडता येईल अशी सोय सक्तीची झाली. गाड्यांसाठीची अशी मानकं पुण्यातली एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था प्रसिद्ध करते. मामांची गाडी या नियमाच्या कितीतरी आधीची. तीन दारं उघडली. मागचं उजवं हँडल मागं ओढलं तर नुसतंच सैल आलं, आतली तार निसटलेली होती. पोरगं त्याच बाजूला झोपलं होतं. चाचांनी दाराचा पॅड काढून दहा मिनिटांत ती बसवली. किट लावलाच नसता तर हे कुणाला कळलंही नसतं.

आता एकच गोष्ट उरली आहे. मागचं डावं दार रिमोटनं लॉक करताना कधी कधी अर्ध्यावर थांबतं. चाचा म्हणतात दांडीवरचं ग्रीस वाळलंय. मी म्हणते रबरी नळीतला जोड गंजलाय. दोघांचा अंदाज वहीत लिहून ठेवलाय: लॉक होताना मोटरच्या कपलरवर ११ च्या वर व्होल्ट मिळाले तर चाचा बरोबर, ९ च्या खाली गेले तर मी. पल्स अर्ध्या सेकंदाचा, आणि माझा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन बदलतो, त्याला हे पकडता येणार नाही. मोटरच्या दोन वायरींवर बल्ब लावून तो किती तेज पेटतो ते बघावं लागेल. चाचांनी टेस्टर माझ्याकडंच ठेवलाय. पोळ्याला गेले की बघू.